गाव कुठलं, देव कुठला

आमच्या घरी कुणी खोबरं-साखर आणून दिली, की आम्ही आधी विचारतो, "कोण बरं झालं?"

पाहुण्यांना हे विचित्र वाटतं. पण आमच्या डोक्यावर, म्हणजे बरोबर वरच्या मजल्यावर, दत्तारामकाका राहतात. त्यांच्या कृपेनं गेल्या तीन वर्षांत मी नांदेडच्या एका बाईच्या पित्ताशयाचं, इचलकरंजीच्या दोन गुडघ्यांचं आणि दौंडच्या एका मुलाच्या बारावीचं खोबरं खाल्लेलं आहे. यांपैकी कुणालाही मी पाहिलेलं नाही. काकांनीही नाही. ही मंडळी काकांना मोबाइलवर भेटली आणि तिथूनच निघून गेली. खोबरं मात्र आमच्याकडं राहिलं.

मी मूळचा सांगलीकडचा. आमच्याकडं भाजीत शेंगदाण्याचं कूट घालतात आणि नारळ फुटतो तो नव्या ट्रॅक्टरपुढं. लग्न कोकणातल्या आंजर्ल्याच्या मुलीशी झालं, रत्नागिरीच्या शाळेत गणिताचा मास्तर म्हणून लागलो आणि साळवी स्टॉपजवळ जागा घेतली. जागा घेताना लोक पाणी बघतात, पार्किंग बघतात. वर कोण राहतं याची चौकशी करायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. माझ्याही आलं नाही.

पहिल्याच आठवड्यात सकाळी दात घासत घासत दुधाची पिशवी घ्यायला दार उघडलं, तर जिन्यात एक उंच, किडकिडीत गृहस्थ बनियनवर उभे. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात मोबाइल.

"नवीन आलात काय?"

मी मान हलवली. तोंडात ब्रश होता.

"बरं झालं. मी बोलतो, तुम्ही नुसतं होय म्हणा."

मला काही कळायच्या आत त्यांनी डोळे मिटले, आणि तीन मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सुरू झाले. "बा देवा म्हाराजा! आज तुझ्या दारात लातूरकडची एक लेक हात जोडून उभी हाय म्हाराजा. तिच्या घरधन्याला साहेबानं कामावरनं काढलंन् हाय. त्या साहेबाची मती सरळ कर, आणि पोराला होता त्या खुर्चीवर परत नेऊन बसव म्हाराजा!"

एवढं बोलून त्यांनी एक डोळा उघडला आणि माझ्याकडं रोखून बघितलं.

"होय म्हणा की! ती बिचारी तिकडं खोळंबल्ये."

मी तोंडातला सगळा फेस गिळला आणि "होय म्हाराजा" म्हणालो. दत्तारामकाकांची नि माझी ओळख झाली ती अशी. दिवसभर पोटात पुदिना वळवळत होता.

याला इकडं गाऱ्हाणं म्हणतात. गावच्या देवळात माणसं जमतात, एक जाणता माणूस सगळ्यांच्या वतीनं देवाशी बोलतो आणि बाकीचे त्याच्या प्रत्येक वाक्याला होय म्हाराजा म्हणतात. होय म्हणणारं कुणी नसेल तर ते गाऱ्हाणं होत नाही, एकट्याचं बडबडणं होतं. काका तर एकटे राहणारे. बायको काही वर्षांपूर्वी गेली, आम्ही राहायला यायच्या आधी. मुलगा जहाजावर, सहा-सहा महिने पाण्यात. त्यामुळं होय म्हणायला काकांना रोज माणूस पकडावा लागतो. दूधवाला सापडतो, गॅसवाला सापडतो, विजेचं मीटर बघायला आलेला माणूसही सापडलेला आहे. एक कुरिअरवाला इतक्या वेळा सापडला, की आता तो खालूनच "होय म्हाराजा!" असं ओरडतो आणि मग पाकीट घेऊन वर येतो.

लोक फेसबुकवर लिहितात, "उद्या आईचं ऑपरेशन आहे, सर्वांनी प्रार्थना करा." खाली शंभर जण जोडलेल्या हातांचं चित्र टाकतात आणि पुढं सरकतात. आपण सगळेच तसं करतो. मी तर वर्गातल्या मुलांचे पेपर तपासता तपासता दहा-बारा जणांना हात जोडून टाकतो. काका सरकत नाहीत. ते खाली लिहितात, "गाव कुठलं? देव कुठला?"

"नुसतं आई म्हटलं तर देवाला काय कळणार?" ते मला म्हणाले. "देशात आया काय थोड्या हायत? बोर्ड न लावता गाडी सोडलीत, तर ती जाणार कुठं?"

काकांच्या बोलण्यात गाड्या फार येतात, कारण जन्म एसटी स्टँडवर गेला. ते कंट्रोलर होते. काचेच्या खोलीत बसून, कुठली गाडी कुठं लागल्ये, किती वाजता सुटत्ये, हे माइकवरून सांगायचं. तो आवाज अजून तसाच आहे. गाडी सुटली की काम अर्धं झालं, पलीकडून पोचल्याचा निरोप आला की पुरं झालं, हा त्यांचा नियम. पावसाळ्यात आंबा घाटातून एखादी गाडी वेळेवर उतरली नाही, तर हा माणूस ड्यूटी संपल्यावरही फलाटावर येरझारा घालत राहायचा, असं त्यांच्या वेळचे कंडक्टर सांगतात. निवृत्तीनंतर गाड्या गेल्या. येरझारा राहिल्या.

आता गाव आणि देव विचारल्यावर सगळे सरळ उत्तर देतात असं नाही. कोथरूडच्या एका इंजिनिअरनं लिहिलं, आमच्या सोसायटीत गणपतीचं मंदिर आहे, ते चालेल का? काकांनी त्याला गावठाणात पाठवलं. मूळ देव कुठला ते एखाद्या म्हाताऱ्याला विचारून ये म्हणाले, आणि तो खरंच विचारून आला. न्यू जर्सीहून एका मुलीनं नवऱ्याच्या पाठीसाठी लिहिलं, तर काका दोन दिवस बेचैन. न्यू जर्सीचा देव कोण, हे त्यांनी मला, पोस्टमनला आणि आमच्या हेडमास्तरांना विचारलं. शेवटी तिचं साताऱ्याकडचं आजोळ शोधून काढलं आणि पाठ तिथल्या देवाच्या पदरात टाकली. मालेगावच्या शबानाला त्यांनी विचारलं, "गावातला दर्गा कुठला?" तिनं सांगितला. तिच्या मुलाचा ताप उतरला, तेव्हा खोबरं आम्ही खाल्लं. नागपूरच्या एकानं ठणकावून लिहिलं, मी देव मानत नाही. काकांनी उत्तर दिलं, "तुम्ही मानू नका. गाव तेवढं सांगा, पुढचं मी बघतो."

नाशिकच्या एका माणसाला मात्र संशय आला. नाव विचारतो, गाव विचारतो, घरचा देव विचारतो, हा नक्की लुबाडणारा आहे, असं त्यानं जाहीर लिहिलं आणि पोलिसांत जाईन म्हणाला. काका चिडले. इतके चिडले की मला वर बोलावून उत्तर टाइप करायला लावलं, कारण चिडल्यावर त्यांची बोटं चुकतात. उत्तर असं होतं: "ओटीपी नको. देव सांगा."

आता नारळांचं सांगतो. गाऱ्हाणं घातलं की त्या माणसाच्या नावानं काका एक नारळ गॅलरीत फळीवर ठेवतात. त्याला दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी, पट्टीवर बॉलपेननं नाव, गाव, देव. माणूस बरा झाल्याचं कळलं की तो नारळ फुटतो आणि खोबरं-साखर सगळ्या बिल्डिंगला. माणूस गेल्याचं कळलं, तर तोच नारळ पिशवीत घालून काका चालत मांडवीला जातात आणि समुद्रात सोडून येतात. त्या दिवशी वर चपलांचा आवाज होत नाही. आणि काहीच कळलं नाही, तर नारळ तिथंच राहतो.

खरा त्रास या तिसऱ्या जातीच्या नारळांचा. कारण लोक कळवत नाहीत. दुखणं असताना मध्यरात्रीही लिहितात, बरं वाटलं की विसरतात. काकांना हे सोसत नाही. ते मेसेज पाठवतात: "गाडी सुटून पंधरा दिवस झाले. पोचली का? निकाल कळवा." मग "निकाल कळवा" एवढंच. मग नुसतं प्रश्नचिन्ह. आणि वर चपला सुरू होतात. हॉल, गॅलरी, हॉल, गॅलरी. आमच्या छतावरून मला आता कळतं, की वाईटाकडं झुकलंय की बऱ्याकडं. पेपर तपासायला बसलो की हटकून कुठल्या तरी गावचा कुणीतरी अत्यवस्थ असतो, आणि माझ्या बेरजा चुकतात.

गेल्या महिन्यात हे टोकाला गेलं. वाशीमकडच्या वैशाली नावाच्या मुलीनं लिहिलं होतं, की वडलांच्या छातीत पाणी झालंय, अतिदक्षता विभागात ठेवलंय. गाव सांगितलं, देव सांगितला, रोज सकाळ-संध्याकाळ खबरही द्यायची. काकांना ती फार आवडली. "शिस्तीची पोर हाय," म्हणायचे. आणि अचानक तिचं लिहिणं थांबलं. एक दिवस, चार दिवस, बारा दिवस. काकांनी जेवण अर्ध्यावर आणलं. शेवटी एका दुपारी ते खाली आले आणि मला म्हणाले, वाशीमच्या सगळ्या दवाखान्यांना फोन लावू या.

माझं डोकं सरकलं. सहामाहीचे पेपर पुढ्यात होते. "काका, बारा दिवस कळवलं नाही म्हणजे काय समजायचं ते समजा ना! तुम्ही त्यांचे कोण लागता? आणि तुमचा देव कळवेल ना तुम्हाला, वैशालीच कशाला पाहिजे?"

माझी बायको अनघा स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि माझ्याकडं बघून डोळे मोठे केले. काका रागावले नाहीत. दाराच्या चौकटीला धरून त्यांनी चपला पायात सरकवल्या.

"कळवत नाय म्हणजे गेलाच असं नसतं मास्तर," ते म्हणाले. "कधी कधी हात उचलत नाय माणसाचा."

आणि वर गेले. मला वाईट वाटलं, पण पेपरही होते.

त्यानंतर आठवड्याभरात काकांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आठ दिवस वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, मोबाइल बघायचा नाही. पहिली दोन काकांनी लगेच मान्य केली. तिसऱ्यावर डॉक्टरांशी वाद घातला. शेवटी काळा चष्मा लावून ते माझ्या दारात उभे राहिले आणि मोबाइल माझ्या हातात ठेवला.

"आठ दिवस कंट्रोल तुमच्याकडं. आलेलं वाचायचं, गाव विचारायचं, देव विचारायचा. बरं झाल्याचं आलं तर नारळ तुम्हीच फोडायचा. आणि कुणाला नुसते हात जोडू नका."

त्या दुपारचं बोललेलं मनात होतंच, म्हणून मी नाही म्हणालो नाही. पुढचे तीन दिवस मी, बीएस्सी गणित, मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत बसून अनोळखी माणसांना "गाव कुठलं? देव कुठला?" असं विचारत होतो. सांगायला लाज वाटते, पण तिसऱ्या दिवशी मलाही उत्तराची घाई होऊ लागली. वर्गात खिशात फोन थरथरला की फळ्यावरचा हात थांबायचा.

चौथ्या दिवशी सकाळी वैशालीचं आलं. "काका, बाबा काल घरी आले. माझा मोबाइल दवाखान्यात हरवला होता, म्हणून कळवता आलं नाही. तुमचीच आठवण येत होती."

मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढलो. काका आतल्या खोलीत औषधाचे थेंब घालून पडले होते. मी बाहेरूनच ओरडलो, "वैशालीची गाडी पोचली!" आतून कॉट करकरली. मग म्हणाले, "फोडा, फोडा! उभे काय राहताय?"

गॅलरीत तेवीस-चोवीस नारळ. आदल्या दिवशी अनघानं तिथं झाडू मारून दिला होता, त्यामुळं सगळे इकडचे तिकडं झालेले. वाशीमची पट्टी कुठं दिसेना. मला शाळेची घाई. शेवटी अगदी मागं, भिंतीला टेकून एक नारळ बसलेला दिसला. त्याला पट्टीच नव्हती. म्हणजे झाडताना पडली असणार, हाच तो, असा मी हिशेब मांडला. वर्गात कुठल्या पोरानं असं गणित सोडवलं असतं, तर मी त्याला उभा केला असता.

नारळ फोडला तर पाणी नाही. आत खोबऱ्याचा सुटा गोळा, वाळून खडखडीत. अनघानं तो हातात घेतला आणि म्हणाली, "अहो, हा तर गोटा. असं व्हायला किती दिवस लागतात! वैशालीचा नारळ आत्ताचा ना?"

"वाशीमला ऊन जास्त असेल," मी म्हणालो आणि शाळेला गेलो. या बोलण्याला काही अर्थ नव्हता हे मला बोलतानाच कळलं होतं. अनघानं किसलं, साखर घातली आणि बारा बिऱ्हाडांना वाटून टाकलं.

संध्याकाळी काकांच्या झाडांना पाणी घालायला गेलो, तर बादलीमागं एक नारळ. पट्टी शाबूत. वैशाली, तिचं गाव, तिचा देव.

मग सकाळी मी फोडला तो कुणाचा? कुणाचा तरी नारळ तो माणूस बरा होण्याआधीच फोडला होता, आणि कोकणात जन्मलेल्या माणसाला हे सांगायचं कसं, हे मला कळेना. निदान नाव तरी शोधावं म्हणून खाली येऊन काकांच्या मोबाइलवर जुनं बघत बसलो. मागं, मागं, आणखी मागं. अगदी तळाशी त्यांची स्वतःची पहिली पोस्ट सापडली.

"माझी पत्नी सौ. सुमती हिला ऑपरेशनला आत नेले आहे. कोणी प्रार्थना करावी."

खाली दोनशेच्या वर लोकांनी हात जोडले होते. काकू लवकर बऱ्या होतील, काळजी नसावी, आम्ही सोबत आहोत. मग काहींनी विचारलं होतं, काकू कशा आहेत? काकांचं एकही उत्तर नव्हतं. सगळ्या जगाकडं निकाल मागणाऱ्या या माणसानं स्वतःचा निकाल कळवला नव्हता. लोक विचारायचे थांबले होते. अमळनेरच्या एक ललिताबाई मात्र थांबल्या नव्हत्या. दर दोन-तीन महिन्यांनी त्या तिथंच लिहीत होत्या: "काका, सुमतीकाकू कशा आहेत? मी रोज त्यांचं नाव घेते." शेवटचं लिहिणं गेल्याच आठवड्यातलं होतं.

मी फोन उलटा ठेवला. मग उचलून अनघाला दाखवला. ती उठली आणि ओट्याखालून त्या नारळाच्या दोन करवंट्या काढून तिनं धुऊन ठेवल्या.

सकाळी वर गेलो. काका काळा चष्मा लावून खुर्चीत बसले होते, मजेत होते.

"काय मास्तर, वाटलंत काय वैशालीचं?"

"वाटलं. पण नारळ चुकीचा फुटला."

"कुठला?"

"मागचा. भिंतीकडचा. त्याला पट्टी नव्हती."

काकांचा हात चष्म्याकडं गेला आणि डॉक्टरांचं आठवून परत खाली आला.

"गोटा झाला असेल," ते म्हणाले.

"हो."

"खवट निघाला काय?"

"नाही. गोड होता. सगळ्यांनी खाल्लं."

"असणारच. घरच्या माडाचा. तिनंच लावलान् होता." मग म्हणाले, "पट्टी मीच काढली. येता-जाता नाव वाचवत नव्हतं."

"काका, मी ती पोस्ट वाचली. मला शोधायचं होतं, नारळ कुणाचा..."

"वाचलीत ना? मग सांगा, काय चुकलं त्यात?"

मी खिशातला त्यांचा मोबाइल चाचपला.

"गाव कुठाय त्यात?" काका म्हणाले. "थिएटरबाहेर बसलेलो. पोर पाण्यात. होय म्हणायला जवळ कोण नाय. मोबाइल नवीन होता, तो उघडून लिहिलं. दोनशे माणसं जमली हो, सख्खी असल्यासारखी! पण एकानं विचारलंन् नाय, कुठली सुमती, गाव कुठलं, देव कुठला. आणि मी तरी कुठं लिहिलं? जन्मभर बोर्ड लावून गाड्या सोडल्या, आणि घरची गाडी तेवढी तशीच सोडली."

मी गणिताचा माणूस आहे. असं काही नसतं, पत्ता नव्हता म्हणून कुणी मरत नाही, हे मला सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. त्या खोलीत काकांचंच खरं वाटत होतं.

"मग कळवलं का नाहीत?"

"कळवणार होतो. रोज उघडायचो. हळूहळू सगळे थांबले, पण ती अमळनेरची बाय थांबेना. रोज नाव घेत्ये म्हणते. म्हटलं, एक घर तरी हाय, जिथं सुमती अजून बरी व्हायच्या वाटेवर हाय. तेवढं एक घर मोडायला हात उचलेना."

एवढं बोलून त्यांनी नाक पुसलं आणि एकदम आवाज चढवला. "आणि तो वैशालीचा फोडा आता! बाप घरी आलाय तिचा, त्याचं खोबरं अडकवून काय बसलाय?"

मी फोडला. पाणी भरपूर निघालं. बिल्डिंगला दोन दिवसांत दुसऱ्यांदा खोबरं गेलं आणि लोकांनी आम्हाला विचारलं, कोण बरं झालं?

आठ दिवस पुरे झाल्यावर दुपारी चारला काका तयार होऊन खाली आले. काळा चष्मा, इस्त्रीचा शर्ट. "करवंट्या टाकल्यात काय?" त्यांनी विचारलं. अनघानं पिशवी पुढं केली. मोबाइल परत घेतला नाही. तो तुमच्याकडंच असू दे म्हणाले.

मांडवीला गर्दी नव्हती. भेळवाले नुकते गाड्या लावत होते. काकांनी चपला काढून माझ्याजवळ दिल्या, पँट दुमडली आणि पाण्यात जाऊन दोन्ही करवंट्या सोडल्या. एक गेली. दुसरी पुढच्याच लाटेबरोबर वळून त्यांच्या पायाशी आली.

"हिचं असंच," काका म्हणाले. "दार ओढून घेतलं, तरी गॅस बंद केला काय बघायला एकदा परत यायची."

त्यांनी ती उचलून पुन्हा सोडली. या वेळी ती गेली. ते बाहेर आले आणि वाळूवर उभे राहून म्हणाले, "लिहा. ललिताबाई, काकू..." आणि थांबले. "लिहा, बऱ्या आहेत."

मी लिहिलं. काका दहा पावलं तिकडं गेले, दहा पावलं परत आले.

"खोडा ते. इतकी वर्षं नाव घेतलंन् तिनं, तिला खोटं नाय सांगायचं. लिहा. काकू त्याच दिवशी गेल्या. निकाल कळवायला उशीर झाला. क्षमा असावी."

मी लिहिलं, वाचून दाखवलं आणि पाठवलं. मग काकांच्या येरझारा सुरू झाल्या, ओल्या वाळूतून, अनवाणी. पोचलं काय? बघितलंन् काय तिनं? मी दर मिनिटाला फोन बघत होतो. चौथ्या की पाचव्या फेरीला उत्तर आलं, आणि मी ते मोठ्यानं वाचलं.

"काका, मला वाटतच होतं. तरी विचारत राहिले. तुम्ही इतरांना विचारता ते मी बघत असते. आज मी तुम्हाला विचारते. तुमचं गाव कुठलं? देव कुठला? उद्यापासून तुमचं नाव घेईन."

"परत वाचा," काका म्हणाले.

मी परत वाचलं.

"माझं कशाला? मला काय धाड भरल्ये?" ते समुद्राकडं तोंड करून म्हणाले. मी अंगठा फोनवर धरून उभा राहिलो. आजवर त्यांनी हजार माणसांना तो प्रश्न विचारला असेल. त्यांना तो कुणी विचारला नव्हता. तीन वर्षं त्यांच्या खाली राहून मीही नाही.

"लिहा," शेवटी ते म्हणाले. "दत्ताराम. नाटे गावाच्या अलीकडं आमची वाडी. देव नवलाई." मी लिहीपर्यंत ते थांबले. "आणि लिहा, एकटीनं बोलू नकोस. होय म्हणायला कुणीतरी जवळ बसव."

मी तेही लिहिलं, आणि पाठवणार, तेवढ्यात त्यांनी माझा हात धरला.

"थांबा. निकाल कळवतो म्हणावं."